पाचला निघून साडेपाचला

आमच्या घरावरून विमानं जातात. वरून म्हणजे अगदी वरून. बाहेर काढलेली चाकं दिसतात, पोटावरचे तेलाचे डाग दिसतात. नवा पाहुणा असला तर दचकून चहा सांडतो. मी दचकत नाही. विमान जाईपर्यंत थांबते आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करते. समोर ऐकायला कोणी असलं तर.

बहुतेक वेळा नसतं, हे आधीच सांगून टाकते. नवरा मुलाच्या लहानपणीच गेला. मुलगा जुफ्री सुराबायाला असतो, समुद्रापलीकडे, जावा बेटावर. तिथलीच बायको केली. विविक नाव तिचं. ती मला तिच्या रीतीनं 'इबू' म्हणते, अहो-जाहो करते. जुफ्री 'इंदो'च म्हणतो, आम्ही बुगिस लोक आईला दुसरं काय म्हणणार? घरात मी म्हणजे बेचे, एक मांजर, आणि केळीच्या पानांचे भारे. नारळाच्या दुधातला भात पानात बांधून शिजवायचा, बुरासा म्हणतात त्याला, तो मी ऑर्डरप्रमाणे करून देते. ईदच्या आधी एवढी मागणी येते की बोटांना दोऱ्याचे वळ उठतात.

तर सगळा घोळ केला तो त्या तिकिटानं. दोन वर्षांपूर्वी जुफ्री ईद उलटून गेल्यावर तीन दिवसांसाठी आला होता. जाताना त्याचं तिकीट चटईवर पडलं होतं. मी उचलून वाचलं. शाळा फार शिकले नाही, पण आकडे मला कोणी शिकवायला नको. आमच्या मकास्सरहून सुटणार पाचला. सुराबायाला पोचणार साडेपाचला. स्वच्छ छापलेलं होतं. पाच ते साडेपाच. अर्धा तास!

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरापासून मारोसच्या बाजारात जायला याहून जास्त वेळ लागतो, कारण पेते-पेतेचा ड्रायव्हर गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही वाटेत मेव्हण्याच्या दुकानापाशी थांबून सिगरेट घेतो. आणि माझा मुलगा अर्ध्या तासावर राहून वर्षावर्षात तोंड दाखवत नाही! त्या दिवसापासून माझ्या हातात कोलीत मिळालं. प्रत्येक फोनला मी तेच सुरू करायची.

"अर्धा तास रे, जुफ्री. काम सुटलं की यायचं, जेवायचं, परत जायचं."

"इंदो, अगं अर्धा तास नाही. दीड तास लागतो. इथलं घड्याळ एक तास मागे आहे, म्हणून तसं दिसतं."

"मग घड्याळ पुढे कर. आणि ये."

तो हसायचा. हसला की माझा राग निम्मा व्हायचा, म्हणून तो मुद्दाम हसतो असा मला संशय होता. आता कोणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट कळू नये? टीव्हीचं मला माहीत आहे. जकार्तावाले मालिका आठला म्हणतात ती आमच्याकडे नऊला लागते. पण ते टीव्हीवाल्यांचं. तिकीट निघालं होतं मकास्सरहून, विमान सुटणार मकास्सरहून, मग त्यावरची वेळ मकास्सरचीच असणार. यात मला तरी काही चूक दिसत नव्हती.

त्याचं न येण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं, आणि त्यावर माझं काही चालत नव्हतं. जुफ्री सुराबायाच्या विमानतळावर सामान चढवतो-उतरवतो. ईद जवळ आली की सगळा देश मुदिकला निघतो, जो तो आपापल्या गावी, आपल्या आईकडे. विमानं दुप्पट होतात. पेट्या, गाठोडी, दोरीनं बांधलेली खोकी, सगळ्यांची सगळी माझ्या मुलाच्या पाठीवरून जातात. आणि त्या दिवसांत त्याला सुट्टी मिळत नाही. 'तुझा मुलगा लोकांना घरी पोचवतो,' असं शेजारची दाएंग कानांग कौतुकानं म्हणते. तिचे चारही मुलगे गल्लीच्या टोकाला राहतात. तिला कौतुक परवडतं.

रोजा एकटीनं धरायचं मला काही वाटत नाही. सोडायचं वाटतं. पहाटे उठणं, दिवसभर उपाशी राहणं, हे ज्याचं त्यानंच करायचं असतं. पण संध्याकाळी मशिदीतून अजान झाली की गल्लीतल्या घराघरातून चमच्यांचे आवाज येतात, कोणी कोणाला 'आधी पाणी पी' म्हणून ओरडतं, आणि मी पेला उचलून मांजराकडे बघते. ते तोंड फिरवतं. त्या वेळी मला फार एकटं वाटतं. यात लाजण्यासारखं काय आहे?

जुफ्री सात वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील गेले. त्या रमजानात घरात खजूर म्हणजे चैन होती. मी दिवसाला एक काढायची. एक खजूर आणि तोंडं दोन. मी दातांनी तोडून त्याचे दोन भाग करायची. बिनबियांचा अर्धा माझा, बी असलेला अर्धा त्याचा, कारण त्याला बी चघळायला आवडायची. ती बी तो गालात धरून ठेवायचा. रात्रीच्या नमाजातसुद्धा गाल फुगलेला. इमामांनी एकदा कान पिरगाळला, तरी थुंकली नाही. पुढे बरे दिवस आले, खजुरांचा डबा आला, तरी आमची रीत तीच राहिली. तो मोठा होऊन मिशा फुटल्या तरी पहिला खजूर आम्ही अर्धा-अर्धाच खायचो. आता बरीच वर्षं मी अख्खा खजूर खाते. अख्खा खजूर मला जास्त होतो.

या वर्षी रमजान अर्धा सरला तेव्हा फोनवर मी त्याला ऐकवलं.

"मला काही नको. कपडे नकोत, मिक्सर नको. एक रोजा तुझ्याबरोबर सोडायचाय. एका चटईवर बसून. मग मेले तरी चालेल."

"मरायची भाषा कशाला? तू ये ना इकडे. मी तिकीट काढतो."

विमानं रोज डोक्यावरून जात होती, पण त्यातलं एखादं माझ्यासाठी असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"संध्याकाळची सुट्टी मी आत्ताच मागून ठेवतो," तो म्हणाला. "दारातच उभा असेन. बाहेर आलीस की पहिला मीच दिसेन. घर वीस मिनिटांवर आहे. पण इंदो, दुपारचं विमान मिळत नाहीये, सगळी भरलीत. पाचचं आहे. वेळेचं जरा अवघड होईल."

"काय अवघड? पाचला निघायचं, साडेपाचला पोचायचं. मगरिबची अजान सहानंतर. वाटेत भाजी घेऊनसुद्धा वेळ उरेल."

तिकडून त्याचा उसासा ऐकू आला. वाद घालायची त्याची छाती नाही, बापावर गेलाय.

निघायच्या दिवशी दाएंग कानांग सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. मदतीला म्हणून, पण हात कमी आणि तोंड जास्त.

"पाचचं विमान, आणि रोजा?" ती म्हणाली. "बेचे, प्रवासात रोजा नाही धरला तरी चालतो. नंतर भरून काढायचा."

"अर्ध्या तासाला कोणी प्रवास म्हणतं का?"

"अर्ध्या तासात समुद्र ओलांडतेस? विमान आहे की गोफणीतला दगड?"

"तुझा मेव्हणा चालवतो त्या पेते-पेतेहून बरं."

ती फुरंगटली, पण गेली नाही. दोघींनी मिळून खोकं भरलं. खाली बुरासा, दोन-दोन पोटाशी पोट लावून बांधलेले, तसेच बांधायचे असतात. मध्ये कुळंजनाच्या किसातली कोंबडी, कोरडी परतलेली, डब्यात. वर केळ्यांचा वाफवलेला बारोंगको. खोक्याला मी लाल दोरी चारी बाजूंनी करकचून आवळली आणि जाड शाईनं दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत लिहिलं: जुफ्री.

विमानतळावरच्या मुलीनं ते वाचलं आणि गोड हसून म्हणाली, "इबू, यावर प्रवाशाचं नाव लिहायचं असतं. तुमचं."

"ज्यानं खायचंय त्याचं लिहिलंय."

तिनं चिठ्ठी चिकटवली आणि खोकं पट्ट्यावरून आत गेलं. हातातल्या पिशवीत मी दोनच गोष्टी ठेवल्या होत्या: पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेले दोन खजूर. दोन लागणार नव्हतेच. एक पुरे होता, पण एखादा किडका निघाला तर म्हणून दुसरा.

विमानात मला उजवीकडची खिडकी मिळाली. शेजारी एक पन्नाशीचा जाडसर माणूस बसला. वागिमान त्याचं नाव, मूळचा जावाचा, इकडे निकेलच्या खाणीत कामाला, मुदिकला गावी निघालेला. पट्टा कसा लावायचा ते त्यानंच दाखवलं. विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून दुआ म्हटली आणि डोळे उघडून आमचं छप्पर शोधलं. दिसलं नाही. इतकी वर्षं खालून वर बघितलं, एकदा वरून खाली बघावं म्हटलं तर तेवढंही नाही. मग भातशेतं संपली आणि समुद्र लागला.

माझ्या मनगटावर नवऱ्याचं घड्याळ होतं. साडेपाचला थोडा वेळ होता तेव्हा मी चपला पायात सरकवल्या, डोक्यावरची ओढणी नीट केली, पिशवी मांडीवर घेतली.

"बू, कुठे निघालात?" वागिमाननं विचारलं.

"उतरायला. साडेपाच झाले की."

त्यानं खिडकीतून खाली बघितलं. खाली नुसता समुद्र. "इथे उतरलात तर मासे खूश होतील," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. मी हवाई सुंदरीला बोलावलं आणि विचारलं की विमान वाट चुकलंय का, की खाली जागा नाही म्हणून घिरट्या घालतंय. आमच्या घरावर तशा घिरट्या मी पाहिल्या आहेत. ती म्हणाली, सगळं वेळेवर आहे, इबू, अजून तासभर.

तासभर! मग वागिमाननं हसणं आवरलं आणि मला नीट समजावून सांगितलं. त्यानं हातातलं घड्याळ काढलं, काटा एक तास मागे फिरवला आणि दाखवलं. निघायची वेळ लिहिलेली असते निघायच्या गावची, पोचायची वेळ पोचायच्या गावची. मध्ये जावाचं घड्याळ एक तास मागे. विमानाला लागतो दीड तास, कागदावर दिसतो अर्धा.

"म्हणजे मुलगा खरं सांगत होता," मी म्हटलं.

"मुलगा सांगत होता?"

"दोन वर्षं."

वागिमाननं मान खाली घालून घड्याळ परत मनगटाला बांधलं, ही त्याची माणुसकी. मी समुद्राकडे तोंड केलं. मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. मग एक विचार आला आणि मी पुन्हा त्याच्याकडे वळले.

"आणि येताना?"

"येताना उलटं. दहाला निघालात तर साडेबाराला पोचाल."

"जाताना अर्धा तास आणि येताना अडीच?"

"कागदावर."

"तरीच," मी म्हटलं. "तरीच कोणी परत येत नाही."

तो हसला, पण हसता हसता खिशातून फोन काढून बायकोचा फोटो बघायला लागला. तोही वर्षानं चालला होता.

सहा वाजले. मग सहा वाजून दहा मिनिटं. आमच्या गल्लीत आता अजान होत असणार. दाएंग कानांग चार मुलगे आणि नातवंडं घेऊन चटईवर बसली असणार, आणि ओरडत असणार. मी कागद उघडला, एक खजूर काढला. जुफ्रीबरोबर सोडायचं हुकलंच होतं. आता आकाशात एकटीनं तर एकटीनं, निदान वेळेवर तरी सोडावा. बिस्मिल्ला म्हणायला तोंड उघडलं आणि वागिमाननं हात आडवा केला.

"बू, थांबा. बाहेर बघा."

खिडकीत सूर्य होता. चांगला लालभडक, पाण्याच्या वर टांगलेला. बुडायचं नाव नाही. आम्ही त्याच्याच मागे निघालो होतो, आणि तो काही हाताला लागत नव्हता.

"जिथे असाल तिथला सूर्य बुडायला हवा," तो म्हणाला. "घड्याळात काहीही वाजू दे."

"घरी सुटला की रोजा."

"घरी सुटला. पण तुम्ही घरी कुठे आहात?"

सरळ बोलला तो, टोचायचं म्हणून नाही. पण मला ते लागलं. घरची अजान होऊन गेली होती आणि तिकडची व्हायची होती. मी खजूर बोटांत धरून बसले. इतकी एकटी मी मांजराबरोबरही कधी पडले नव्हते.

आणि मग डोक्यात उजेड पडला. सूर्य बुडायचाय, म्हणजे अजून वेळ आहे!

"सुराबायाला मगरिब किती वाजता?" मी विचारलं.

"साडेपाचला उतरतो आपण, तिकडच्या. त्यानंतर दहा मिनिटांनी."

दहा मिनिटं. वीस मिनिटांवरचं घर जमणार नव्हतं, चटई जमणार नव्हती. पण जुफ्री दारात उभा असणार होता. दारात उभ्यानं अर्धा-अर्धा खाता येतो. खजुराला चटई लागतेच असं कुठे आहे? मी खजूर कागदात परत गुंडाळला आणि पिशवी छातीशी धरली. विमान उतरेपर्यंत मी पुन्हा एकदासुद्धा घड्याळाकडे बघितलं नाही.

चाकं टेकली तेव्हा सूर्य इमारतींच्या मागे गेला होता, पण आकाश लाल होतं. सगळे उठून उभे राहिले, डोक्यावरच्या कप्प्यांची दारं उघडली, कोणाची तरी पिशवी माझ्या डोक्यावर आली. मी फोन चालू केला. लगेच वाजला. विविकचा आवाज भरून ठेवलेला होता.

"इबू, मी विविक. हे नाही येऊ शकले. जास्तीची विमानं लागलीत, दोन माणसं आजारी पडली, आज कोणालाच सुटी नाही. पहाटेपर्यंत कामावर आहेत. मी बाहेर उभी आहे. पाणी आणलंय. तुम्ही वाट बघू नका, अजान झाली की तिथेच रोजा सोडा."

मी ते दोनदा ऐकलं. मागचे लोक ढकलत होते म्हणून पाय चालत राहिले. पोरीचा आवाज रडवेला झाला होता, तिचा काही दोष नव्हता. त्याचाही नव्हता. कोणाचा तरी असता तर बरं झालं असतं, मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

विमानातून इमारतीत जायला एक लांब बोळ होता, एका अंगाला काच. मी भिंतीला धरून हळूहळू निघाले. पुढचे लोक भराभर चालले होते. तेवढ्यात छतातून अजान सुरू झाली. सगळे जागच्या जागी थांबले. बाटल्यांची झाकणं उघडली, कोणी खजूर वाटला, कोणी अनोळखी माणसाला आपलं पाणी दिलं. एका बाईनं माझ्यापुढे बाटली धरली. मी नको म्हणून मान हलवली आणि तोंड लपवायला काचेकडे वळले.

खाली आमचंच विमान उभं होतं. त्याच्या पोटाचं दार उघडलेलं, त्याला लावलेल्या पट्ट्यावरून सामान खाली येत होतं. केशरी जाकिटातली पाच-सहा माणसं, कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या. त्यांना अजान ऐकू जात नसणार. एकानं हात वर करून खूण केली तसा पट्टा थांबला. सगळे होते तिथेच उकिडवे बसले. एक पुडा हातोहात फिरायला लागला.

त्यातला एक जण बसला नव्हता. पट्ट्याच्या टोकाशी पाठमोरा उभा होता, डावा हात मानेच्या मागे ठेवून. माझा नवरा होडीची वाट बघताना तसाच उभा राहायचा.

"जुफ्री!" मी ओरडले. बोळातले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी काचेवर हात आपटला. जाड काच, आवाजसुद्धा झाला नाही.

त्याच्यासमोर पट्ट्यावर लाल दोरीचं खोकं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं. गाडीवर इतरांच्या ढिगात टाकलं नाही. जमिनीवर ठेवलं, त्याच्या शेजारी बसला, आणि वर लिहिलेल्या स्वतःच्या नावावर पंजा ठेवला. आत कोंबडी होती, बुरासा होते, दिवसभर उपाशी माणूस त्याच्यावर हात ठेवून बसला होता, आणि उघडायची सोय नव्हती. त्यानंच मला एकदा सांगितलं होतं, प्रवाशाच्या सामानाची दोरी जरी सुटली तरी नोकरी जाते. आईचं सामान म्हणून वेगळा कायदा नाही.

पुडा त्याच्यापाशी आला. त्यानं एक खजूर घेतला आणि मान वर करून बोळाच्या काचांकडे बघायला लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दोन्ही हात हलवले, ओढणी काढून हलवली. पण काचेवर आकाशाचा लाल उजेड पडला असणार, त्याला आतलं काही दिसत नव्हतं. शेवटी त्यानं अंदाजानं एका काचेकडे बघून हात वर केला. ती काच माझ्यापासून खूप पुढे होती. तिथे वागिमान पाणी पीत उभा होता. आपल्यालाच कोणी हात केला असं वाटून त्यानंही हात हलवला, अगदी मनापासून.

जुफ्री खाली हसला. मला दिसलं ते.

"इबू, इथे थांबता येत नाही," गणवेशातली एक पोरगी माझ्या कोपराला धरून म्हणाली. "मागून दुसरं विमान येतंय. चला."

"तिथे माझा मुलगा आहे."

"हो का? बाहेर भेटेल तो तुम्हाला."

"तो नाही भेटायचा. तो तिथेच आहे. पहाटेपर्यंत."

तिला काही कळलं नाही. तिनं प्रेमानंच मला वळवलं आणि चालवलं. मी मागे वळून बघेपर्यंत काच संपली होती आणि भिंत लागली होती.

सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी ही गर्दी. खोकीच खोकी, सगळी दोरीनं बांधलेली, प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव. लोक आपापलं ओढून घेत होते आणि घाईनं दाराकडे पळत होते. वागिमाननं त्याची मोठी पेटी उचलली, जाता जाता थांबला.

"बू, सोडलात ना रोजा?"

"सोडते."

"आता तर सूर्यसुद्धा तुमच्या बाजूनं आहे," तो म्हणाला, आणि गेला. चांगला माणूस. त्याची बायको बाहेर उभी असेल.

माझ्या हातात खजूर होता, पण तोंडात घालवेना. रोजा सोडायला उशीर करू नये, मला ठाऊक आहे, इमामांनी सांगायला नको. पण एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि अख्खा खजूर पुन्हा एकटीनंच खायचा, तर तो घरी काय वाईट होता? मांजर तरी होतं.

पट्टा फिरत राहिला. गर्दी विरळ झाली, मग चार-पाच माणसं उरली, आणि मग मी एकटी. मला वाटलं, माझं खोकं खालीच विसरले. तेवढ्यात रबरी झालर हलली आणि ते बाहेर आलं. सगळ्यांत शेवटी, एकटं, आणि नाव वरच्या बाजूला. कोणी फेकलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं.

पुढ्यात आल्यावर मी ते उचलायला वाकले तर गाठीजवळ लाल दोरीखाली पांढऱ्या कागदी रुमालाची घडी खोचलेली दिसली. ती माझी नव्हती. काढून उघडली.

आत अर्धा खजूर होता. दातांनी तोडलेला. बी नव्हती.

खोकं तसंच पुढे गेलं. जाऊ दे, फिरून येईल. मी माझे दोन अख्खे खजूर पिशवीत टाकले, बिस्मिल्ला म्हटलं, आणि पट्ट्याशेजारी उभ्यानं रोजा सोडला. अर्ध्या खजुराला वेळ तो किती लागणार, पण मी तो जितका पुरवता येईल तितका पुरवला. तिकडे तो लोकांच्या पेट्या उचलायला लागला असेल, गाल फुगवून.